संगीतकूटे : नाम, अक्षर आणि स्वर

अभिजात संगीताच्या रसिकांमध्ये परस्परांना कोडी घालण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. अमुक मुद्रा कोणत्या बंदिशकाराची, अमुक नाट्यपद कोणत्या चिजेच्या चालीवर बांधले आहे, अमुक स्वर वर्ज्य असलेला राग कोणता, अशा स्वरूपाचे प्रश्न मित्रमंडळींत फिरतात; त्यांची उत्तरे अहमहमिकेने दिली जातात; आणि ज्याला अधिक उत्तरे येतात तो अधिक जाणता, असा एक समजही त्यातून रूढ होत चालला आहे. या कोड्यांकडे केवळ फावल्या वेळची करमणूक म्हणून पाहून सोडून देणे सोपे आहे. परंतु संगीतासंबंधी 'जाणणे' म्हणजे काय, याची एक विशिष्ट कल्पना या कोड्यांच्या बुडाशी आहे, आणि तीच कल्पना आमच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांतूनही वावरत असते. म्हणून या वाङ्मयप्रकाराची चिकित्सा विद्यापीठीय व्यासपीठावर होणे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत लेखक संगीतशास्त्री नसून भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. त्यामुळे कोड्याची भाषा, त्यातील प्रश्नाची घडण आणि उत्तराचे स्वरूप एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

१

कूटरचनेचा वारसा आपल्याकडे जुना आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिकेला स्थान आहे. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले असून तिचे तीन उपयोगही नोंदले आहेत : रसिकांच्या क्रीडागोष्ठीत विनोद करणे, गर्दीत असताना जाणत्यांनी आपापसांत गुप्त संभाषण करणे, आणि दुसऱ्याला गोंधळात पाडणे. मराठीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अष्टोत्तरशत रामायणे रचताना अक्षरांवर नाना प्रकारची बंधने घालून घेतली. ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले निरोष्ठ रामायण हे त्यांपैकी सर्वपरिचित उदाहरण होय. अशा रचनांत कवीची प्रतिभा किती व कारागिरी किती, हा वाद आपल्या समीक्षेत पुष्कळ झाला आहे. तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही.

दंडीने सांगितलेल्या तीन उपयोगांपैकी दुसरा आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मननीय वाटतो. कूट हे जाणत्यांमधील संकेतभाषण आहे. म्हणजेच कूट सोडविणाऱ्याला उत्तराच्या आधी एक संकेतव्यवस्था ठाऊक असावी लागते. ती व्यवस्था कोणती, यावरून संगीतकूटांचे तीन वर्ग पाडता येतात. ज्यांत विशेषनामांची माहिती विचारलेली असते ती नामकूटे; ज्यांचे उत्तर वर्णांच्या योजनेत दडलेले असते ती अक्षरकूटे; आणि ज्यांत स्वरांवरून राग ओळखावयाचा असतो ती स्वरकूटे. या तिन्ही वर्गांचा क्रमाने विचार करू.

२

नामकूटांत सर्वांत लोकप्रिय असे कूट मुद्रेचे होय. ख्यालाच्या बंदिशीत रचनाकार आपले टोपणनाव गुंफतो, त्याला मुद्रा किंवा छाप म्हणतात. महंमदशहा रंगीले याच्या दरबारातील (१७१९–१७४८) न्यामत खाँ यांची मुद्रा 'सदारंग', फिरोज खाँ यांची 'अदारंग'. अलीकडच्या काळात आग्रा घराण्याचे फैयाज खाँ 'प्रेमपिया' झाले, विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया', खादिम हुसेन खाँ 'सजनपिया'. अत्रौलीचे महबूब खाँ 'दरसपिया' म्हणून ओळखले जातात. बबनराव हळदणकरांनी 'रसपिया' ही मुद्रा घेतली. जगन्नाथबुवा पुरोहित 'गुनीदास', श्रीकृष्ण रातंजनकर 'सुजन', रामाश्रय झा 'रामरंग', दिनकर कायकिणी 'दिनरंग', बडे गुलाम अली खाँ 'सबरंग'.

ही यादी पाठ असणे म्हणजे नामकूटाचे उत्तर येणे. परंतु यादीकडे भाषिक दृष्टीने पाहिले की, कोडे जे विचारीत नाही ते दिसू लागते. या नावांत उत्तरपदांची दोन ठळक कुळे आहेत : 'रंग' आणि 'पिया'. 'रंग'चे कूळ अठराव्या शतकातील दिल्ली दरबारापासून विसाव्या शतकापर्यंत आणि वेगवेगळ्या घराण्यांत पसरलेले आढळते. 'पिया'ची वर दिलेली नावे मात्र बहुतांशी आग्रा घराणे व त्याच्याशी नात्याने अथवा शिष्यत्वाने जोडलेल्या मंडळींची आहेत. एके ठिकाणी उत्तरपदाऐवजी पूर्वपद वारशाने आले आहे : जगन्नाथबुवा 'गुनीदास' आणि त्यांचे शिष्य चि. रा. व्यास 'गुनीजान'. येथे शब्दसिद्धी ही गुरुपरंपरेची नोंदवही बनली आहे. 'गुनीजान कोण?' या प्रश्नाचे एका नावाने उत्तर देऊन मोकळे होणाऱ्याच्या हाती हे काही लागत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मुद्रा ही बंदिशीत चिकटविलेली चिठ्ठी नव्हे. ती वाक्याचा घटक असते. 'सदारंग' याचा पदाच्या ओघात 'नित्य रंगलेला' असाही अर्थ लागतो; 'प्रेमपिया' हा नायिकेचा प्रियकरही असतो. म्हणजे मुद्रा हा श्लेष आहे, आणि तो कितपत साधला यावर बंदिशीच्या शब्दांगाचे मूल्य काही अंशी अवलंबून असते. यासाठी आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेता येईल. मुळशी तालुक्यातील माले येथले लग्नघर असो की पुण्याच्या एखाद्या पेठेतले, नवरीला उखाण्यात नाव घ्यावयास सांगतात, तेव्हा ते नाव तेथे कोणालाच अज्ञात नसते. माहितीच्या दृष्टीने तो प्रश्न निरर्थक आहे. ऐकणारे कान टवकारतात ते नाव कळावे म्हणून नव्हे, तर ते यमकात कसे बसविले हे पाहावे म्हणून. 'उखाणा' या शब्दाचा संबंध संस्कृत 'उपाख्याना'शी लावतात; मराठीत त्याला कोडे असाही अर्थ आहे आणि नाव घेण्याचे पद्य असाही. कोड्यात नाव दडविलेले असते, नाव घेण्यात ते उघड केलेले असते; दोन्हींत कौशल्य नाव गुंफण्याचे. मुद्रेचे मर्मही हेच आहे. घराण्यातील शिष्याला 'प्रेमपिया' कोण हे सांगावे लागत नसे. त्याला शिकावे लागे ते हे की, मुद्रेचे अक्षर समेच्या कोणत्या अंगाने येते आणि अंतऱ्यात तिच्यावर किती वेळ थांबावयाचे.

तात्पर्य, मुद्रेचे नामकूट हे उखाण्यातील यमक काढून टाकून केवळ 'नवऱ्याचे नाव काय?' असे विचारण्यासारखे आहे. त्याचा आणखी एक तोटा संशोधनाच्या बाजूने होतो. मौखिक परंपरेत प्रसिद्ध नाव अधिकाधिक रचना आपल्याकडे ओढून घेते, हा संतवाङ्मयाच्या अभ्यासकांचा अनुभव आहे; नामदेव, कबीर यांच्या नाममुद्रेने आलेले प्रत्येक पद त्यांचेच, असे आज कोणी जबाबदार संपादक धरून चालत नाही. मग 'सदारंग' ही मुद्रा आली की कर्ता ठरला, असे गृहीत धरणारे कोडे रसिकाला पाठचिकित्सेच्या नेमके उलट दिशेने नेते. मुद्रा हा कर्तृत्वाचा दावा आहे. तो पुरावा आहे की नाही, हे प्रत्येक बंदिशीबाबत स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

नाट्यपदांच्या चालींची कूटे त्यामानाने अधिक फलदायी वाटतात. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) यांपासून पुढे खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६) यांपर्यंत मराठी संगीत नाटकाने चालींसाठी कीर्तन, लावणी, कर्नाटकी पदे, ठुमरी व ख्याल अशा अनेक दिशांनी उसनवारी केली. 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, 'स्वयंवरा'च्या भास्करबुवा बखले यांच्या. नाट्यपदांच्या मुद्रित पुस्तकांत पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि मूळ 'चाल' देण्याचा प्रघात होता. हा प्रघात म्हणजे उत्तरासकट छापलेले कूटच होय. 'या पदाची मूळ चीज कोणती?' असे विचारले असता उत्तर देणाऱ्याला दोन रचना शेजारी ठेवून ऐकाव्या लागतात. हिंदी चिजेची मात्रा मराठी पदात कोठे ओढली, कोठे आखूड केली, मराठीतील दीर्घ स्वरांची सोय लावताना चालीला कोठे मुरड घातली, हे त्याच्या ध्यानात येऊ शकते. येथे नावाकडून रचनेकडे जाण्याची वाट निदान मोकळी आहे.

३

आता अक्षरकूटांकडे वळू. यांत सर्वांत शास्त्रशुद्ध असे कूट दक्षिणेत घडले. व्यंकटमखीने सतराव्या शतकात 'चतुर्दंडिप्रकाशिके'त बहात्तर मेळांची योजना मांडली. पुढे या मेळांना अशी नावे देण्यात आली की, नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून मेळाचा अनुक्रमांक काढता यावा. यासाठी कटपयादी पद्धती वापरली आहे. 'क', 'ट', 'प' आणि 'य' यांपासून प्रत्येकी १ धरून पुढील व्यंजनांना क्रमाने अंक द्यावयाचे. 'ञ' व 'न' यांना शून्य. आणि आलेले अंक उलट्या क्रमाने वाचावयाचे. 'मायामालवगौळ' यात म = ५, य = १; उलट वाचले असता १५. 'धीरशंकराभरण' यात ध = ९, र = २; म्हणून २९. 'मेचकल्याणी' यात म = ५, च = ६; म्हणून ६५. पहिल्या छत्तीस मेळांत मध्यम शुद्ध, पुढच्या छत्तिसांत तीव्र; बाकीची योजना तीच. म्हणून २९ मध्ये ३६ मिळविले की ६५ येतात, आणि शंकराभरणातील मध्यम तीव्र केला की मेचकल्याणी होते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर बिलावल थाटाचा मध्यम चढविला की कल्याण थाट मिळतो. नाव, अंक आणि स्वर अशी तिहेरी गाठ येथे एका शब्दात बांधली आहे.

या कूटाचा भाषाशास्त्राला मिळणारा लाभ मात्र नियमापेक्षा अपवादांत आहे. जोडाक्षरात शेवटचे व्यंजन मोजावे, हा कटपयादीचा सामान्य नियम. 'चक्रवाक' या नावाला तो लावल्यास च = ६, र = २, म्हणजे २६ येतात; परंतु सव्विसावा मेळ 'चारुकेशी' आहे आणि चक्रवाकाचे स्थान सोळावे आहे. म्हणजे येथे 'क्र' मधील 'क' मोजावा लागतो. 'दिव्यमणी'चेही तसेच : 'य' मोजल्यास १८ येतात, पण अठरावा मेळ 'हाटकांबरी'; 'व' मोजल्यास योग्य तो ४८ हा अंक मिळतो. 'सिंहेंद्रमध्यम' या नावात 'ह' धरल्यास ८७ येतात, आणि एवढे मेळच नाहीत. अनुस्वाराच्या जागी 'म' मानून 'सिम्ह' असा उच्चार धरला की ५७ जुळतात. म्हणजे नावे देणाऱ्याच्या कानी येथे अनुस्वाराचा उच्चार मकारासारखा होता, याची साक्ष हा अंक देतो. याहून मौजेचे उदाहरण विसाव्या मेळाचे. तो 'नटभैरवी' म्हणून प्रसिद्ध आहे; पण न = ०, ट = १ यांवरून १० येतात, आणि दहावा मेळ 'नाटकप्रिया' आहे. 'नठभैरवी' असा पाठ धरला, तरच ठ = २ होऊन २० हा अंक येतो. तमिळ लिपीत 'ट' आणि 'ठ' यांना वेगळी चिन्हे नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे लेखनात हा भेद पुसला जाणे किती सहज होते, ते कळते. अंक हा येथे पाठनिर्णयाचे साधन ठरतो. एखाद्या शिलालेखातील कालनिर्देशाप्रमाणेच हा संख्यासंकेत शब्दाच्या मूळ रूपावर पहारा देत उभा आहे.

अक्षरकूटाचा दुसरा प्रकार रागमुद्रेचा. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या (१७७५–१८३५) कृतींत रागाचे नाव साहित्यात गुंफलेले आढळते. कित्येकदा ते एका शब्दाच्या शेवटी सुरू होऊन दुसऱ्याच्या आरंभी संपते. हा उघड सभंग श्लेष आहे. ऐकणाऱ्याच्या कानावर एकाच वेळी देवतेचे विशेषण पडते आणि रागाचे नावही. हे कूट सोडविण्यासाठी पदच्छेद करता आला पाहिजे, म्हणजे संस्कृत संधींचे ज्ञान पाहिजे. युरोपातही संगीताने अक्षरांशी असा खेळ केला आहे. जर्मन स्वरलिपीत 'बी' हे अक्षर कोमल निषादाला आणि 'एच' हे शुद्ध निषादाला योजतात. त्यामुळे बाख या आडनावाची चारही अक्षरे स्वर म्हणून वाजविता येतात, आणि खुद्द बाखसह अनेक रचनाकारांनी ती वाजविली आहेत. इंग्रज रचनाकार एल्गार याने तर १८९९ मधील आपल्या एका वाद्यवृंदरचनेला 'एनिग्मा' म्हणजे 'कूट' असेच नाव देऊन, तिच्यामागे एक न वाजविलेली धून दडली आहे असे सुचविले. १९३४ साली तो वारला. ती धून कोणती यावर अद्याप एकमत नाही. रचना मात्र त्यावाचून अडत नाही. उत्तर न मिळताही ती ऐकली जाते आणि आवडते. चांगले कूट उत्तरापाशी संपत नाही, याचे हे उत्तम प्रमाण होय.

४

तिसरा वर्ग स्वरकूटांचा. खरा संगीतविषयक प्रश्न याच वर्गात उपस्थित होतो, आणि सर्वाधिक गैरसमजही येथेच आहेत. नमुन्यादाखल असे कोडे घ्या : 'सा, रे, ग, प, ध हे शुद्ध स्वर; मध्यम व निषाद वर्ज्य. राग ओळखा.' घाईने उत्तर येते : भूपाळी. पण हेच पाच स्वर देशकाराचेही आहेत. भूपाळीत गंधार वादी व धैवत संवादी, चलन पूर्वांगात, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकारात धैवत वादी व गंधार संवादी, चलन उत्तरांगात, वेळ सकाळची. त्याचप्रमाणे 'कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, बाकी शुद्ध' एवढ्या वर्णनाला मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिन्ही राग पात्र आहेत. कोडे घालणाऱ्याच्या मनात एक उत्तर असते आणि तो उरलेली दोन चूक ठरवितो. वास्तविक चूक प्रश्नाची असते.

भाषेच्या अभ्यासकाला ही अवस्था परिचयाची आहे. 'तू येणार' हे शब्द विधानही असू शकतात आणि प्रश्नही; वर्ण तेच, क्रम तोच, भेद सुरावटीचा. कागदावर प्रश्नचिन्ह काढले नाही, तर वाक्याचा प्रकार ठरविता येत नाही. स्वरसंच म्हणजे रागाची वर्णमाला. राग म्हणजे त्या वर्णमालेतून बोलली जाणारी भाषा. वर्णमाला समान असल्याने भाषा एक होत नाही. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, एवढ्यावरून कोणी त्यांना एक म्हणत नाही. दरबारी कानडा आणि अडाणा यांचे स्वर बव्हंशी सारखे. पण दरबारीतील आंदोलित गंधार ऐकला की शंका उरत नाही. ते आंदोलन अक्षरांत लिहिण्याची सोय आपल्या स्वरलिपीत नाही, आणि लिहिले तरी ज्याने ते ऐकलेले नाही त्याला त्याचा बोध होणार नाही.

रागनामांचीही अशीच गत आहे. 'नावात कल्याण असूनही ज्यात तीव्र मध्यम नाही असा राग कोणता?' या कोड्याचे उत्तर गोरखकल्याण असे देतात. उत्तर बरोबर आहे. परंतु कोड्याची गंमत ज्या अपेक्षाभंगावर उभी आहे, ती अपेक्षा मुळात व्याकरणाची आहे. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते, म्हणून 'अमुककल्याण' म्हटले की तो कल्याणाचा प्रकार असणार, असे आपण मानतो. रागनामे मात्र समासाचे नियम पाळण्यास बांधलेली नाहीत. त्यांत प्रांतांची नावे आहेत (मुलतानी, जौनपुरी, सोरठ), व्यक्तींची आहेत (मियाँमल्हारातील 'मियाँ' म्हणजे तानसेन), आणि 'कानड्या'त कर्नाटकाची आठवण आहे. ही नावे इतिहासाने दिलेली आहेत, लक्षणाने नव्हे. नावावरून लक्षण काढणे दक्षिणेतील मेळनामांत शक्य आहे, कारण ती त्यासाठीच घडविली गेली. उत्तरेतील रागनामांकडून तीच अपेक्षा करणे म्हणजे गावाच्या नावावरून तेथील पीक सांगण्यासारखे आहे.

येथे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या कार्याचे स्मरण अपरिहार्य ठरते. १९०४ साली त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला, तेथील ग्रंथ व विद्वान यांचा परिचय करून घेतला, आणि पुढे उत्तरेच्या रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१० मध्ये 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने प्रसिद्ध झाला. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे, आणि त्यात त्या संस्कृत ग्रंथाच्या कर्त्याचा आधार जणू तो कोणी तिऱ्हाईत असावा अशा रीतीने घेतला जातो. 'चतुर पंडित म्हणजे कोण?' हे आज एक सोपे नामकूट झाले आहे. पण त्या संवादाची घडण पाहिली, तर कोड्याहून अगदी निराळी अशी प्रश्नाची जात तेथे आढळते. शिष्य विचारतो, गुरू निरनिराळ्या ग्रंथांची मते सांगतो, गायकांत प्रचार कसा आहे ते सांगतो, दोहोंत विरोध असेल तेथे तसे म्हणतो, आणि शिष्याला पुन्हा शंका घेण्यास जागा ठेवतो. कोड्यातील प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. या संवादातील प्रश्न न कळल्यामुळे विचारला जातो. मराठी गद्यात संगीतविषयक पृच्छेचा इतका मोठा नमुना उपलब्ध असताना आमच्या विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारण्याची रीत कोड्यांपासून शिकावी, ही खेदाची गोष्ट होय.

भातखंडे यांचीच लक्षणगीतेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. रागाचे वादी, संवादी, वर्ज्य स्वर, वेळ इत्यादी लक्षणे त्याच रागात बांधलेल्या गीताच्या शब्दांत सांगावयाची, ही त्यांची योजना. काव्य म्हणून या गीतांना कोणी उच्च स्थान देणार नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. तरी त्यांतील एक गुण कूटरचनाकारांनी घेण्याजोगा आहे : गीत गायिले जात असताना शब्द जे सांगतात ते स्वर करून दाखवितात. शब्दांत काही उणे राहिले, तर चाल ते भरून काढते. लक्षणगीतातील रागाचे नाव गाळून ते ऐकविले, तर ते उत्कृष्ट स्वरकूट होईल, आणि त्याचे उत्तर एकच असेल; कारण तेथे पुरावा कानासमोर ठेवलेला असतो.

या कोड्यांच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे. घराण्यांत चिजा लपवून ठेवण्याची वृत्ती एके काळी प्रबळ होती. अनवट रागाचे नाव मैफलीत न सांगता श्रोत्यांना बुचकळ्यात टाकणे हा गायकाच्या प्रतिष्ठेचा भाग मानला जाई. दंडीने सांगितलेला परव्यामोहन हा उपयोग तो हाच. आजची कोडी या गुप्ततेच्या विरुद्ध बाजूला उभी आहेत : ज्याला उत्तर येते तो ते लगेच सर्वांना सांगून टाकतो, आणि एकाच्या प्रश्नामुळे दहा जण एखादे जुने ध्वनिमुद्रण शोधून ऐकतात. ज्या गावात मैफल होत नाही, जेथे गुरू नाही, तेथल्या हौशी रसिकाला ही कोडी संगीताच्या दारापर्यंत आणून सोडतात. हे कार्य लहान नाही. आमची तक्रार एवढीच की, दारावरची पाटी वाचणे म्हणजे घरात जाणे, असा समज त्यांतून होऊ नये.

५

शेवटी एका व्यापक मर्यादेचा निर्देश करणे अवश्य आहे. तिन्ही वर्गांतील कूटांचे उत्तर हे एक नाव असते : व्यक्तीचे, मेळाचे किंवा रागाचे. अर्थातच ज्या संगीतातील वस्तूंना नावे नाहीत, त्याविषयी असे कोडे घालताच येत नाही. गी पॉईतवाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत मुळशी तालुक्यातील अनेक गावांच्या बायकांनी सांगितलेल्या ओव्या आहेत. ओवीच्या चालीला 'गळा' म्हणण्याची रीत या बायकांत आहे. या गळ्याला राग म्हणून नाव नाही, थाट नाही, अनुक्रमांक नाही, कर्त्याची मुद्रा नाही. परंतु कोणती ओवी कोणत्या गळ्यावर बसते आणि कोणती बसत नाही, हे गाणारीला ठाऊक असते, आणि चुकलेला गळा तिला तत्काळ कळतो. हे ज्ञान नव्हे असे कोणी म्हणू शकेल काय? भाषाशास्त्रात आपण मातृभाषकाचे व्याकरणज्ञान असेच मानतो : त्याला विभक्तींची नावे येत नसली, तरी चुकीचे रूप त्याच्या कानाला खटकते, आणि व्याकरणकाराचा पुरावा तोच असतो.

कोड्यांच्या द्वारे संगीत जाणणाऱ्या पिढीच्या मनात 'अभिजात' याचा अर्थ हळूहळू 'ज्याला नाव आहे ते' असा होत जाईल, अशी आम्हांस भीती वाटते. हा अर्थ आमच्या प्रश्नपत्रिकांतही शिरलेला आहे. स्वरसमूहावरून राग ओळखण्याचा प्रश्न संगीताच्या लेखी परीक्षांत अनेक वर्षे विचारला जात आहे, आणि त्याचे एकच उत्तर अपेक्षित असते. तो काढून टाकावा असे आमचे म्हणणे नाही. त्याची घडण बदलावी, एवढेच सुचवावयाचे आहे. स्वरसमूह देऊन 'यात कोणकोणते राग संभवतात, आणि त्यांतून निवड करण्यास आणखी काय ऐकावे लागेल?' असे विचारावे. मुद्रा देऊन कर्त्याचे नाव न विचारता, त्या मुद्रेच्या दोन बंदिशी देऊन 'या एकाच हाताच्या असाव्यात काय? कारणे द्या' असे विचारावे. मेळाचे नाव देऊन अंक काढावयास सांगावे आणि अंक जुळत नसेल तेथे पाठ कोणता असावा, हेही विचारावे. अशा प्रश्नांना एका शब्दात उत्तर देता येणार नाही आणि कदाचित दोन परीक्षकांचे गुणही सारखे पडणार नाहीत. पण ज्या विषयात देशकार आणि भूपाळी यांचे स्वर एकच असू शकतात, त्या विषयाच्या परीक्षेने ही अडचण पत्करली पाहिजे.